फादर थॉमस स्टीफन्स : देवदत्त देणगीचें चीज



ज्यूबिलीच्या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहण्याची चाल आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, देवळाचें छप्पर कोणत्या सालीं बदललें, घंटा कोणी अर्पण केली, हा सारा हिशेब ह्या स्मरणिकेच्या इतर पानांवर आपणांस सांपडेल. परंतु आणखी एक हिशेब आहे व तो कोणत्याही वहींत लिहिलेला नसतो. देवानें आपल्यापैकीं प्रत्येकाच्या पदरांत जी उपजत देणगी घातली, तिचें आपण काय केलें, हा तो हिशेब होय.

तालंतांचा दाखला आपणांस पाठ आहे. ज्याला एकच तालंत मिळाला त्यानें तो जमिनींत पुरून ठेवला. त्या मनुष्याला आपण आळशी म्हणतों व पुढें जातों. पण शुभवर्तमान नीट वाचलें तर दिसतें कीं, त्यानें तें भीतीपोटीं केलें. ही भीति मला आपल्या लोकांत पुष्कळ दिसते. आमचें तें काय, गांवढळ. आमची भाषा ती काय, शेतावरची. आमच्या म्हातारीच्या ओव्या त्या काय, जात्यावरच्या. असें म्हणून आपण आपलें नाणें मातींत पुरतों. म्हणून ह्या प्रसंगीं अशा एका पुरुषाचें चरित्र सांगण्याचें मीं योजिलें आहे कीं, ज्यानें आपली देणगी ओळखली, तिच्यावर प्रेम केलें व ती व्याजासह धन्याच्या हातीं परत दिली. ते पुरुष म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

फादर स्टीफन्स ह्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडच्या विल्टशायर प्रांतांतील बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. मुलाचें शिक्षण विंचेस्टर येथील प्रसिद्ध शाळेंत झालें. तेथें त्या काळच्या रीतीप्रमाणें लॅटिन व ग्रीक भाषांचा कसून अभ्यास करून घेत असत. पुढें जी देणगी फळास आली तिची पेरणी ह्या शाळेंत झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तो काळ इंग्लंडांतील कॅथॉलिक लोकांना फार कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत जुन्या श्रद्धेला चिकटून राहणारांस दंड, तुरुंग व प्रसंगीं देहान्त अशा शिक्षा होत. थॉमस पाउंड नांवाचे एक श्रीमंत व श्रद्धावान् गृहस्थ होते. त्यांच्याबरोबर तरुण थॉमस सुमारें दोन वर्षें त्यांच्या नोकराच्या वेषांत गांवोगांव फिरला आणि गुप्तपणें श्रद्धेचें काम करीत राहिला. हिंदुस्थानांतून येणारीं येशूसंघीयांचीं पत्रें वाचून दोघांनींही रोमला जाऊन त्या संघांत शिरण्याचा निश्चय केला होता. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले व पुढें जवळजवळ तीस वर्षें त्यांना तुरुंगांत काढावीं लागलीं. थॉमस एकटाच रोमला पोहोंचला आणि १५७५ सालीं संत आंद्रेच्या मठांत येशूसंघाचा नवशिष्य झाला. मित्राला तो विसरला नाहीं. पाउंड ह्यांना तुरुंगांत असतांनाच संघांत घ्यावें म्हणून त्यानें वरिष्ठांकडे रदबदली केली आणि ती सफळ झाली.

ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून पांच जहाजांचा तांडा निघाला. त्यांत थॉमस स्टीफन्स होते. आफ्रिकेच्या टोंकाला वळसा घालून साडेसहा महिन्यांनीं, ता. २४ ऑक्टोबर रोजीं, तें जहाज गोव्याला लागलें. पोहोंचल्यावर अठरा दिवसांच्या आंत त्यांनीं वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलें. वारे कसे वाहतात, खलाशी दिशा कशी ओळखतात, समुद्रावर कोणते पक्षी दिसतात, हिरड्या सुजून माणसें कशीं आजारी पडतात, हें सारें त्यांत बारकाईनें नमूद केलें आहे. लिहिणाराचे डोळे उघडे होते व कानही उघडे होते. हिंदुस्थानांत येऊन राहिलेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात. पण ते येथें व्यापार करण्यास आले नव्हते व राज्य करण्यासही आले नव्हते.

गोव्यांत त्यांना गुरुदीक्षा मिळाली व त्यांची नेमणूक साष्टी महालांत झाली. ही साष्टी म्हणजे मडगांवच्या आसपासचा दक्षिण गोव्याचा मुलूख. कांहीं काळ ते तेथील येशूसंघाच्या कॉलेजाचे रेक्टर होते. बाकीचें सारें आयुष्य त्यांनीं साधे पाद्री म्हणून खेड्यापाड्यांत घालविलें. जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं त्याच मातींत काढलीं आणि ते मायदेशीं पुन्हां कधीं गेले नाहींत.

आतां त्यांची देणगी कोणती, तें सांगतों. देवानें त्यांना भाषेचा कान दिला होता. दुसरे परदेशीय येत, दुभाष्यामार्फत उपदेश करीत व आपल्या कामांत समाधान मानीत. स्टीफन्स ह्यांना येथील लोकांचें बोलणें कानाला गोड लागलें. ता. २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं पॅरिस येथील आपला भाऊ रिचर्ड ह्याला लिहिलेल्या पत्रांत ते कळवितात कीं, ह्या देशांत भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार अप्रिय नाहींत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन ह्यांच्या घडणीशीं जुळती आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा बहिणी असल्याचा सिद्धान्त सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास मांडला. त्याच्या दोनशें वर्षें आधीं साष्टीच्या एका पाद्र्याला हें साम्य जाणवलें होतें. मोठी विद्या पुष्कळदां अशीच एखाद्या आवडींतून उगवते.

त्याच पत्रांत एक दुःखद हकीकतही आहे. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत साष्टींतील कुंकळ्ळी गांवीं फादर रुडोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. श्रीसभेनें १८९३ सालीं त्यांना धन्यवादित पद दिलें. त्या घटनेची दुसरी बाजूही आपण आज प्रामाणिकपणें पाहिली पाहिजे. पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील देवळें त्यापूर्वीं पाडलीं होतीं आणि लोकांचे जुने ग्रंथ बंद केले होते. मनें दुखावलेलीं होतीं. अशा मुलुखांत, अशा दिवसांत, स्टीफन्स ह्यांना काम करावयाचें होतें. आपल्या सोबत्यांच्या रक्तानें भिजलेल्या भूमीचा त्यांना वीट आला असता तर कोणी त्यांस दोष दिला नसता. पण ते तेथेंच राहिले आणि त्याच लोकांची वाणी अधिक जवळ करूं लागले.

त्याच १५८३ सालच्या अखेरीस घडलेली एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिर्‍या लीड्स व चित्रकार जेम्स स्टोरी ह्या चार इंग्रजांना ओर्मुझ येथें पकडून गोव्यास आणलें व तुरुंगांत टाकलें. हे लोक श्रद्धेनें परके व पोर्तुगीजांच्या दृष्टीनें हेर. तरीही फादर स्टीफन्स ह्यांनीं खटपट करून त्यांना जामिनावर सोडविण्यास साह्य केलें. जेम्स स्टोरीची सुटका मात्र आधींच झाली होती, कारण त्याच्या हातांत चित्रकला होती आणि येशूसंघीयांना आपलें देऊळ रंगविण्यास चित्रकार हवा होता. देवानें दिलेली कला मनुष्याला कारागृहांतूनही कशी बाहेर काढते, ह्याचें हें उदाहरण.

आतां मुख्य कार्याकडे वळूं. साष्टीचे नवे ख्रिस्ती लोक धर्मपाठ शिकत होते, प्रार्थना म्हणत होते. पण प्रश्न व उत्तरें पाठ केल्यानें मनुष्याचें मन भरत नाहीं. ह्या लोकांच्या बापजाद्यांनीं पुराणें ऐकलीं होतीं. संध्याकाळीं दिवा लागला कीं, एकानें वाचावें, दुसर्‍यानें अर्थ सांगावा, बायामाणसांनीं हात जोडून ऐकावें, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय. तीं पुराणें आतां त्यांच्या हातून काढून घेतलीं होतीं व त्यांच्या जागीं कांहींच आलें नव्हतें. ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच हा प्रसंग येतो. साष्टीच्या देवळांत धर्मपाठ चालला असतांना एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढें येतो आणि विनवितो कीं, आम्हांला वेळ घालविण्यास व मन रमविण्यास आमच्या भाषेंत एखादें पुराण असावें. फादर स्टीफन्स ह्यांना ही मागणी रास्त वाटली.

हाच त्यांच्या आयुष्यांतील कसोटीचा क्षण होय. लॅटिनमध्यें ग्रंथ लिहिला असता तर युरोपांत नांव झालें असतें. पोर्तुगीजमध्यें लिहिला असता तर अधिकारी प्रसन्न झाले असते. त्यांनीं मराठी निवडली व तीही ओवी छंदांत. रोजच्या व्यवहारांत साष्टीचे लोक कोंकणी बोलत. पुराण-पोथीची भाषा मराठी होती. म्हणून ग्रंथ मराठींत लिहिला आणि सामान्यांस कळावा म्हणून त्यांत कोंकणी शब्द मिसळले. ग्रंथाच्या आरंभीं त्यांनीं मराठीची जी स्तुति केली आहे, ती मराठी साहित्यांत अजरामर झाली आहे. रत्नांत, फुलांत, सुवासांत, पक्ष्यांत जें जें श्रेष्ठ, त्या त्या श्रेष्ठाच्या पंक्तीला ते भाषांमध्यें मराठीला बसवितात. इंग्लंडच्या एका खेड्यांत जन्मलेल्या मनुष्यानें आपल्या मायबोलीचा असा गौरव करावा आणि आपण तिला लाजावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाहीं काय?

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जगाची उत्पत्ति, आदिमातापित्यांचें पतन, कुलपति, राजे व संदेष्टे ह्यांची कथा आहे. दुसर्‍या पुराणांत प्रभु येशूचा जन्म, त्याची शिकवण, चमत्कार, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण आहे. अध्यायांना त्यांनीं अवस्वरू असें म्हटलें असून पहिल्यांत ३६ व दुसर्‍यांत ५९ अवस्वरू आहेत. सर्व मिळून ओव्या जवळजवळ ११,००० आहेत. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. कथा बेथलेहेमची, पण सांगण्याची रीत आपल्या अंगणांतली. ऐकणाराला परकें कांहींच वाटूं नये, ही त्यांची दृष्टि.

ह्या ठिकाणीं आपल्या जालना जिल्ह्याच्या वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांच्या दक्षिण अंगानें वाहणारी आपली गोदावरी वरच्या बाजूला पैठणहून येते. फादर स्टीफन्स गोव्यांत उतरले तेव्हां पैठणला संत एकनाथ हयात होते. नाथांनीं १५९९ सालीं देह ठेवला. नाथांनाही विद्वानांचें बोलणें ऐकावें लागलें होतें कीं, पवित्र गोष्टी संस्कृतांतच शोभतात. त्यांनीं तें मानलें नाहीं व भागवत मराठी ओवींत आणलें. एक गोदेच्या तीरीं, दुसरा साष्टीच्या खाडीकांठीं. धर्म वेगळा, देश वेगळा. पण लोकांच्या वाणीवरचा विश्वास एकच. आणि हा ओवी छंद तरी कोठून आला? विद्वानांच्या सभेंतून नव्हे. पहांटे जात्यावर बसलेल्या बायकांच्या कंठांतून तो आला. ज्या ओव्यांना आपण क्षुद्र समजतों, त्यांच्याच छंदांत एवढें मोठें पुराण उभें राहिलें.

लिहिण्याइतकेंच छापण्याचें कामही कठीण होतें. गोव्यांत १५५६ सालीं छापखाना आला होता, पण त्यांत मराठी अक्षरांचे खिळे नव्हते. १६०८ सालीं फादर स्टीफन्स ह्यांनीं रोमला आपल्या संघप्रमुखांस पत्र लिहून ह्या देशाच्या लिपीचे खिळे पाडून मिळावेत अशी विनंति केली. जोडाक्षरें व काना-मात्रा धरून शेंकडों खिळे लागतात, ही अडचणही त्यांनीं मांडली. त्याच १६०८ सालीं आपल्या जिल्ह्यांतील जांब गांवीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. स्टीफन्स ह्यांची ती इच्छा पुरी झाली नाहीं. म्हणून ते हात जोडून बसले नाहींत. रोमन अक्षरें होतीं, त्यांतच मराठी उच्चार बसविण्याची रीत त्यांनीं वापरली आणि १६१६ सालीं राशोल येथें ख्रिस्तपुराण छापून निघालें. लेखक त्या वेळीं सदुसष्ट वर्षांच्या आसपास होते. आपली देणगी दाखविण्याचें वय निघून गेलें असें म्हणणारांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, गोव्यांतच त्यांनीं देह ठेवला. मागें त्यांचें आणखी काम शिल्लक होतें. सामान्य लोकांसाठीं कोंकणींत लिहिलेला त्यांचा धर्मपाठ १६२२ सालीं छापला गेला. त्यांनीं रचलेलें कोंकणी भाषेचें व्याकरण फादर दियोगो रिबेरो ह्यांनीं वाढविलें व तें १६४० सालीं प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांतील भाषेचें छापून निघालेलें पहिलें व्याकरण असा त्याचा मान आहे. ख्रिस्तपुराणाचे १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छाप निघाले.

पुढें दिवस पालटले. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढला कीं, लोकांनीं आपली भाषा टाकावी व तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज शिकावी. ज्या वाणीवर स्टीफन्स ह्यांनीं आयुष्य वेंचलें तिच्यावरच घाला आला. छापील प्रती हळूहळू नाहींशा झाल्या. पुराण मात्र मेलें नाहीं. गरीब घरांतून तें हातानें उतरून घेतलें गेलें. गोवा सोडून कानडा मुलुखांत गेलेल्या कुटुंबांनीं कपड्यालत्त्यांबरोबर तें गांठोड्यांत बांधून नेलें आणि उपवासकाळांत घरोघरीं तें गाइलें जात असे. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळुरास त्याची नवी आवृत्ति काढली. १९५६ सालीं शांताराम बंडेलू ह्यांनीं तें देवनागरींत आणलें व १९९६ सालीं फादर कारिदाद द्रागो ह्यांनीं पुन्हां संपादून प्रसिद्ध केलें. म्हणजे जे खिळे स्टीफन्स ह्यांना मिळाले नाहींत, ते त्यांच्या ग्रंथाला तीनशें चाळीस वर्षांनीं मिळाले. गोव्यांतील कोंकणी भाषेच्या केंद्राला आज त्यांचेंच नांव आहे.

हें चरित्र लिहितांना माझ्या मनाला एक गोष्ट बोंचत आहे, ती येथें कबूल करतों. मी तरुण धर्मगुरु असतांना एका खेड्यांत एक मुलगा होता. शाळेंत तो मागें पडे, पण ढोलकीवर त्याची थाप पडली कीं मिस्साला आलेलीं माणसें आपोआप गाऊं लागत. मीं त्याला जवळ बोलावून सांगितलें कीं, हें वाजविणें पुरे, पुस्तक हातीं धर. त्यानें माझें ऐकलें. ढोलकी सुटली आणि पुस्तकही हातीं लागलें नाहीं. आज तो ऊंसतोडीला जातो. कष्टाची भाकरी खातो, त्यांत लाज कांहीं नाहीं. पण त्याचें नाणें मातींत पुरण्यास मीं हातभार लावला, हें मला विसरतां येत नाहीं. पुस्तकाबरोबर ढोलकीही धर, असें मीं म्हणावयास हवें होतें.

फादर स्टीफन्स ह्यांच्या चरित्रापासून मी तीन गोष्टी शिकलों. पहिली ही कीं, जी गोष्ट करतांना आपलें मन थकत नाहीं, तेथें देवाची देणगी दडलेली असते, ती शोधावी. दुसरी ही कीं, आवड असली तरी अभ्यास सुटत नाहीं. स्टीफन्स ह्यांच्या कानाला मराठी गोड लागली. परंतु त्यांचा ग्रंथ निघाला तो सदतीस वर्षांच्या सरावानंतर. तिसरी ही कीं, देणगी स्वतःसाठीं ठेवली तर तिचा गर्व होतो, दुसर्‍यासाठीं वेंचली तर तिची सेवा होते. त्यांना भाषा आवडत होती, पण ते लिहावयास बसले ते एका श्रोत्यानें मागणी केली म्हणून.

तेव्हां ह्या ज्यूबिलीच्या वर्षीं आईबापांना माझी विनंति आहे. आपल्या मुलांकडे बारकाईनें पाहा. एखादी मुलगी आजीकडून ऐकलेलीं गाणीं एकदांच ऐकून म्हणते, एखादा मुलगा मोसंबीच्या झाडाचा रोग पानावरून ओळखतो, एखाद्याच्या हातांत बिघडलेली मोटर चालूं होते, एखादी आजार्‍याच्या उशाशीं बसली कीं आजार्‍याला झोंप लागते. ह्या सार्‍या देणग्या आहेत. त्यांना हंसूं नका व त्या शेजार्‍याच्या मुलाच्या देणगीशीं ताडून पाहूं नका. आणि घरांतल्या वृद्ध मातांनो, मरियामातेवरच्या व येशूबाळावरच्या तुमच्या जात्यावरच्या ओव्या तुमच्याबरोबर जाऊं देऊं नका. नातवंडांना जवळ बसवा आणि त्या त्यांच्या वहींत उतरवून द्या. ख्रिस्तपुराण अशाच वह्यांनीं जगविलें.

धनी लांबच्या प्रवासाहून परत येईल तेव्हां तो आपणांस असें विचारणार नाहीं कीं, तूं स्टीफन्स कां झाला नाहींस. तुला जें दिलें होतें तें कोठें आहे, एवढेंच तो विचारील. त्या वेळीं आपल्या हाताला माती लागलेली नसावी, कामाचे घट्टे पडलेले असावेत. प्रभु येशूची कृपा व पवित्र मरियेची मध्यस्थी आपल्या सर्व कुटुंबांवर राहो, हीच ह्या मंगल प्रसंगीं माझी प्रार्थना.

आपला धर्मगुरु